‘शेगा द सौदाद’ : एक ध्वनिमुद्रिका आणि बोसा नोव्हाचा आरंभ

संगीताच्या इतिहासात ‘आद्य’ हे विशेषण जितक्या सहजपणे योजले जाते तितक्या सहजपणे ते सिद्ध करता येत नाही. अमुक एका ध्वनिमुद्रिकेने अमुक एका संगीतप्रकाराचा पाया घातला, असे विधान लोकप्रिय संगीतावरील लेखनात वारंवार आढळते. परंतु या विधानाचा नेमका अर्थ काय, हे क्वचितच तपासले जाते. त्या ध्वनिमुद्रिकेपूर्वी तशा प्रकारचे गायन-वादन कोणीच करीत नव्हते, असा त्याचा अर्थ असेल, तर बहुतेक वेळा ते विधान खोटे ठरते. मग ते सरसकट टाकून द्यावे काय? की ध्वनिमुद्रिकेच्या आद्यत्वाला काही निराळा आणि टिकणारा अर्थ आहे? या प्रश्नाचा विचार करण्यास ब्राझीलमधील बोसा नोव्हा या संगीतप्रकाराचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. जोआंव जिल्बेर्तो या गायकाची ‘शेगा द सौदाद’ ही ध्वनिमुद्रिका १९५९ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाली आणि तीच या प्रकाराची जननी मानली जाते. तिच्यातील सामग्री, तिच्या आधीचे पुरावे आणि तिचे पुढील काळातील प्रवास यांची छाननी केली असता असे दिसून येते की, ती काळाच्या दृष्टीने ‘पहिली’ नव्हती. तथापि विखुरलेल्या प्रयोगांना एकत्र आणून त्यांना अनुकरणक्षम रूप देणारी ती पहिली साधना होती. तिचे आद्यत्व याच अर्थाने मान्य करावे लागते, आणि तसे मान्य करताना तिने कोणाकोणाला झाकून टाकले याचाही हिशेब ठेवावा लागतो.

१

प्रथम माध्यमाचा विचार केला पाहिजे. दर मिनिटास ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सामान्यतः तीन-साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. अशा अनेक तबकड्या पुठ्ठ्याच्या बांधीव पुस्तकात घालून विकण्याची पद्धत होती. छायाचित्रांच्या संग्रहाशी साम्य असल्यामुळे तिला ‘अल्बम’ हे नाव पडले. १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने दर मिनिटास ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादन तबकडी बाजारात आणली. तिच्या एकेका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. पूर्वी अनेक तबकड्यांसाठी वापरले जाणारे ‘अल्बम’ हे नाव आता एकाच तबकडीला लागू झाले. हा बदल केवळ सोयीचा नव्हता. सुटे गीत हे स्वतंत्र विधान असते. दहा-बारा गीते एका क्रमाने, एकाच आवरणात आणि एकाच प्रास्ताविक टिपणासह आली म्हणजे त्यांचा मिळून एक युक्तिवाद तयार होतो. सुट्या श्लोकांचा ग्रंथ झाला म्हणजे जसा त्याला अध्यायांचा संदर्भ प्राप्त होतो, तसेच काहीसे येथे घडले.

ब्राझीलमध्ये हे नवे माध्यम रूढ होत असतानाच त्या देशाच्या सार्वजनिक जीवनातही नवेपणाचा ध्यास प्रबळ झाला होता. जुसेलिनो कुबिचेक यांच्या अध्यक्षीय कारकिर्दीत (१९५६–१९६१) मोटारउद्योगाची वाढ झाली आणि ब्राझिलिया ही नवी राजधानी उभी राहिली. २१ एप्रिल १९६० रोजी तिचे उद्‌घाटन होईपर्यंत रिओ द जानेरो हीच राजधानी होती. त्या शहराच्या दक्षिण भागातील कोपाकबाना, इपानेमा या समुद्रकाठच्या वस्त्यांत सुशिक्षित मध्यमवर्ग वाढत होता. सांबा हे देशाचे मान्यताप्राप्त राष्ट्रीय संगीत होते. त्याची मुळे आफ्रिकी वंशाच्या समाजात होती. बाहिया प्रांतातून रिओत आलेल्या कुटुंबांनी आणि शहरातील टेकड्यांवरच्या गरीब वस्त्यांनी ते जोपासले होते. रेडिओने त्याला देशभर नेले. परंतु १९५० च्या दशकातील सांबागीतांवर भरघोस वाद्यवृंद, नाट्यपूर्ण उच्चार व दीर्घ कंपयुक्त स्वर यांचा प्रभाव मोठा होता. निराश प्रेमाची करुण गीते त्या शैलीत विशेष लोकप्रिय होती.

२

या पार्श्वभूमीवर तीन व्यक्तींचे मार्ग एकत्र आले. आंतोनियो कार्लोस जोबिम (१९२७–१९९४) हे रिओतील संगीतकार. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे शिक्षण त्यांनी घेतले होते आणि उपजीविकेसाठी रात्रीच्या उपाहारगृहांत पियानोवादनही केले होते. व्हिनिसियस द मोराइस (१९१३–१९८०) हे प्रतिष्ठित कवी व परराष्ट्रसेवेतील अधिकारी. ऑर्फियसची ग्रीक कथा रिओच्या वस्तीत घडते अशी कल्पना करून मोराइस यांनी लिहिलेले ‘ओर्फेउ दा कोन्सेसांव’ हे नाटक १९५६ साली रिओच्या नगर-नाट्यगृहात सादर झाले. त्याचे संगीत जोबिम यांचे होते, तर नेपथ्य पुढे ब्राझिलियाचे वास्तुशिल्पकार म्हणून ख्यातनाम झालेल्या ऑस्कर निमायर यांचे. कवी आणि संगीतकार यांच्या दीर्घ सहकार्याचा हा प्रारंभ होय.

तिसरी व्यक्ती जोआंव जिल्बेर्तो (१९३१–२०१९). बाहियाच्या अंतर्भागातील जुआझेइरो या गावी त्यांचा जन्म झाला. १९५० साली ते एका गायकवृंदात गाण्यासाठी रिओला आले. वक्तशीरपणाच्या अभावामुळे त्या वृंदातून त्यांना बाहेर पडावे लागले. त्यानंतरची काही वर्षे विपन्नावस्थेत गेली. दक्षिणेतील पोर्तु अलेग्रे येथे काही काळ काढून ते मिनास जेराइस प्रांतातील दियामांतिना येथे बहिणीच्या घरी राहिले. तेथील स्नानगृहात बसून ते तासन्‌तास गिटार व गायन यांचा अभ्यास करीत, कारण त्या लहान बंदिस्त जागेत हलका स्वरही स्पष्ट ऐकू येई. १९५७ मध्ये ते रिओला परतले तेव्हा त्यांच्या गळ्यातील जुन्या रेडिओगायकांची ऐट पूर्णपणे लोपली होती.

जिल्बेर्तो यांच्या शैलीचे तांत्रिक स्वरूप थोडक्यात असे सांगता येईल. सांबाच्या वाद्यमेळात सुर्दू हा मोठा ढोल लयीचा पाया धरतो आणि तांबोरी या लहान चर्मवाद्यावर तुटक, मात्रेच्या अध्येमध्ये पडणारे आघात केले जातात. जिल्बेर्तो यांनी ही दोन्ही कार्ये एका गिटारवर आणली. अंगठ्याने खालच्या तारेवर पायाची लय आणि उरलेल्या बोटांनी एकाच वेळी छेडलेले स्वरसंघ, तेही तांबोरीच्या वळणाने. आवाज जवळजवळ बोलण्याच्या पट्टीतला, कंपरहित. शब्द कधी तालाच्या किंचित पुढे, कधी किंचित मागे. गिटारची लय स्थिर राहते आणि गायन तिच्याभोवती सैलपणे फिरते. या दोहोंमधील ताण हाच या शैलीचा प्राण होय. असे गायन मायक्रोफोनवाचून सभागृहात पोहोचलेच नसते. १९५८ सालच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी जिल्बेर्तो यांनी आवाजासाठी एक व गिटारसाठी एक असे दोन स्वतंत्र मायक्रोफोन मागितले, ही नोंद याच दृष्टीने महत्त्वाची आहे. गिटार ही त्यांच्या दृष्टीने साथ नसून दुसरा आवाज होती.

३

या शैलीच्या उदयाचा सर्वांत मोलाचा पुरावा १९५८ या एका वर्षात सापडतो. त्या वर्षी एलिझेत कार्दोसो या मान्यवर गायिकेची ‘कांसांव दु आमोर दमाइस’ ही दीर्घवादन तबकडी ‘फेस्ता’ या लहान संस्थेने काढली. तिच्यातील गीते जोबिम व मोराइस यांची होती. त्यांपैकी दोन गीतांत गिटारवादन जिल्बेर्तो यांचे आहे, आणि त्या दोहोंतील एक ‘शेगा द सौदाद’ हे होय. ‘सौदाद’ हा पोर्तुगीज शब्द गोव्यातील वाचकांस परिचित आहे. आठवण, विरह आणि हुरहूर या तिन्ही छटा त्यात आहेत, आणि ‘आता पुरे झाली ती’ असा या शीर्षकाचा आशय आहे. त्याच वर्षाच्या जुलैमध्ये जिल्बेर्तो यांनी हेच गीत ओडिऑन कंपनीसाठी स्वतः गाऊन ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर मुद्रित केले. दुसऱ्या बाजूवर ‘बिम बोम’ ही त्यांची स्वतःची अल्पाक्षरी रचना होती.

इतिहासाच्या अभ्यासकाला अशी तुलना सहसा लाभत नाही. गीत तेच, रचनाकार तेच, गिटारवादक तोच आणि वर्षही तेच. असे असूनही कार्दोसो यांची तबकडी जुन्या परंपरेचे उत्कृष्ट फळ म्हणून ऐकली जाते आणि जिल्बेर्तो यांची तबकडी नव्या परंपरेचे बीज म्हणून. कार्दोसो यांच्या गायनात स्वर भरीव आहे, भाव उघड केलेला आहे आणि गिटारची नवी लय वाद्यवृंदाच्या आड राहते. जिल्बेर्तो यांच्या गायनात तीच लय समोर येते आणि आवाज तिच्या बरोबरीला उतरतो. यावरून असा निष्कर्ष निघतो की, बोसा नोव्हाचे वेगळेपण केवळ रचनेत नव्हते व केवळ गिटारच्या बोलांतही नव्हते. आवाज, वाद्य आणि मायक्रोफोन यांच्या नव्या परस्परसंबंधात ते होते.

तथापि एका सुट्या तबकडीने संगीतप्रकार सिद्ध होत नाही. ती केवळ एका गायकाची लकब ठरू शकते. म्हणूनच १९५९ च्या दीर्घवादन तबकडीचे महत्त्व आहे. तिच्यात बारा गीते असून एकूण अवधी पंचवीस मिनिटांहूनही कमी आहे. संगीतसंयोजन जोबिम यांचे होते. त्यात बासरी, तंतुवाद्ये इत्यादींचा वापर आहे, पण तो बेताचा आहे. या बारा गीतांची वर्गवारी केली असता पुढील गोष्ट लक्षात येते. तीन गीतांचे संगीत जोबिम यांचे, तीन गीते कार्लोस लिरा या तरुण संगीतकाराची आणि दोन जिल्बेर्तो यांची स्वतःची. उरलेली चार मात्र जुन्या पिढीच्या रचनाकारांची सांबागीते आहेत. त्यांत दोन आरी बारोझो यांची, एक दोरिवाल काइमी यांचे, आणि चौथे ओर्लांदो सिल्व्हा या लोकप्रिय रेडिओगायकाने १९४० च्या दशकात गाजविलेले. म्हणजे नव्या संगीताची सनद मानल्या गेलेल्या या ध्वनिमुद्रिकेचा एक-तृतीयांश भाग जुना आहे.

ही विसंगती वाटेल, पण वस्तुतः तोच या ध्वनिमुद्रिकेचा युक्तिवाद आहे. नवी गीते नव्या रीतीने गायिली असती तर श्रोत्याने नवेपणाचे श्रेय गीतांना दिले असते. परिचित सांबागीत त्याच रीतीने ऐकविल्यामुळे रीत ही गीतापासून वेगळी काढून दाखविता आली. जुन्या आणि नव्या रचना शेजारी-शेजारी ठेवून दोहोंना एकच नियम लागू पडतो, हे सिद्ध करण्यासाठी बारा गीतांचा अवकाश लागत होता. तो अवकाश दीर्घवादन तबकडीने पुरविला. त्याचबरोबर आपण सांबाच्या बाहेर पडत नसून सांबाचेच सार काढीत आहोत, अशी वंशपरंपराही तिने सांगितली.

नावाची निश्चितीही याच ध्वनिमुद्रिकेभोवती घडली. ‘बोसा’ हा रिओच्या बोलीतील शब्द. खुबी, ढब किंवा उपजत कसब असा त्याचा अर्थ. नोएल रोझा यांनी १९३० च्या दशकातच एका सांबागीतात तो वापरला होता. ‘बोसा नोव्हा’, म्हणजे ‘नवी ढब’, ही जोडी तरुण वादकांच्या बोलण्यात रुळत होती. ‘देझाफिनादो’ या जोबिम व न्यूतन मेंदोन्सा यांच्या गीतात ती आली. शीर्षकाचा अर्थ ‘बेसूर’, आणि गीत हे बेसूर म्हणविल्या जाणाऱ्या प्रियकराचे समर्थन. ध्वनिमुद्रिकेच्या आवरणावरील टिपणात जोबिम यांनी सत्तावीस वर्षांच्या या बाहियावासी गायकाचा परिचय करून देताना तोच शब्दप्रयोग केला. अशा रीतीने उदाहरणे, नियम आणि नाव ही तिन्ही एका वस्तूत एकत्र आली.

४

आता आक्षेपांकडे वळले पाहिजे. मृदू, संभाषणात्मक गायन ब्राझीलमध्ये अगदीच नवे नव्हते. विद्युत् ध्वनिमुद्रणाचा लाभ घेऊन मारियो रेइस यांनी १९२८ पासून तशा प्रकारे सांबा गायिला होता. १९४६ साली डिक फार्नी यांनी मुद्रित केलेल्या ‘कोपाकबाना’ या गीतातही तीच मृदुता आढळते. त्याहून महत्त्वाचे नाव जॉनी आल्फ (१९२९–२०१०) यांचे. या कृष्णवर्णीय पियानोवादक-गायकाने जोबिम-जिल्बेर्तो यांच्या काही वर्षे आधी अनपेक्षित स्वरसंघ आणि सैल लय यांचा प्रयोग केला होता. १९५० च्या दशकाच्या मध्यास मुद्रित झालेले त्यांचे ‘रापाझ द बेम’ हे गीत त्याची साक्ष देते. रिओतील उपाहारगृहात त्यांचे वादन ऐकण्यास येणाऱ्यांत जोबिमही होते. परंतु १९५५ मध्ये आल्फ सांव पाउलो येथे राहावयास गेले. रिओतील लाट उसळली तेव्हा ते तेथे नव्हते, आणि त्यांची स्वतःची दीर्घवादन तबकडी निघण्यास १९६१ साल उजाडले. ज्याच्याजवळ ग्रंथ नाही त्याचे मत संप्रदाय होत नाही. ध्वनिमुद्रिकेच्या आद्यत्वाची ही काळी बाजू आहे.

जोझे रामोस टिन्योरांव या समीक्षकाने १९६० च्या दशकापासून याच सूत्राला व्यापक रूप दिले. त्यांच्या मते बोसा नोव्हा म्हणजे दक्षिण रिओतील मध्यमवर्गाने अमेरिकन जॅझच्या मोहाने गरिबांच्या सांबाचे केलेले अपहरण होय. याउलट कवी औगुस्तो द कांपोस यांनी १९६८ साली संपादित केलेल्या ‘बालान्सु दा बोसा’ या संग्रहात, जिल्बेर्तो यांची रीत ही ब्राझिलियन संगीताची स्वतःच्याच परंपरेवर केलेली चिकित्सा आहे, असा दृष्टिकोन मांडला गेला. दोन्ही पक्षांत तथ्यांश आहे. श्रोतृवर्ग व प्रसार यांबाबत टिन्योरांव यांचा रोख दुर्लक्षिता येत नाही. पण जिल्बेर्तो यांच्या अंगठ्यातील सुर्दू आणि बोटांतील तांबोरी या जॅझमधून आलेल्या नाहीत. ध्वनिमुद्रिकेतील चार जुनी सांबागीतेही अपहरणाच्या आरोपाला पूर्णपणे पुष्टी देत नाहीत, कारण अपहरण करणारा सहसा मूळ मालकाचे नाव छापीत नाही.

५

ध्वनिमुद्रिकेतून संगीतप्रकार कसा प्रवास करतो आणि प्रवासात काय गमावतो, हे पुढील घटनांवरून कळते. अमेरिकन गिटारवादक चार्ली बर्ड यांनी १९६१ साली शासकीय पुरस्काराने दक्षिण अमेरिकेचा दौरा केला. त्यानंतर १३ फेब्रुवारी १९६२ रोजी त्यांनी सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांच्यासह वॉशिंग्टन येथील एका चर्चच्या सभागृहात ‘जॅझ सांबा’ ही ध्वनिमुद्रिका मुद्रित केली. तिच्यातील सात रचनांपैकी चार जिल्बेर्तो यांच्या १९५९ व १९६० सालच्या दीर्घवादन तबकड्यांवर आढळतात. तबकडी ही पोथीसारखी वापरली गेली, याचा हा स्पष्ट पुरावा होय. १९६३ च्या मार्चमध्ये ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील लोकप्रिय संगीताच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली. मात्र तिच्यात आवाज नव्हता, म्हणजे मूळ रीतीचा अर्धा भाग गळून पडला होता.

१९६३ च्या मार्चमध्येच न्यूयॉर्क येथे ‘गेट्झ / जिल्बेर्तो’ ही ध्वनिमुद्रिका तयार झाली व १९६४ साली प्रसिद्ध झाली. निर्माते क्रीड टेलर होते आणि पियानोवर स्वतः जोबिम. इपानेमाच्या तरुणीवरील गीतात प्रथम जिल्बेर्तो पोर्तुगीजमध्ये गातात आणि नंतर त्यांच्या पत्नी आस्त्रुद इंग्रजीत. मूळ मुद्रण पाच मिनिटांहून अधिक आहे. सुट्या तबकडीसाठी ते तीन मिनिटांच्या आत आणताना जिल्बेर्तो यांचे गायनच कापण्यात आले. याच रूपात ते जगभर गाजले आणि १९६५ साली ग्रॅमी पारितोषिकास पात्र ठरले. दीर्घ ध्वनिमुद्रिकेलाही त्या वर्षीच्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला, पण तिच्या दर्शनी आवरणावर आस्त्रुद यांचे नाव नव्हते. जगातील असंख्य श्रोत्यांनी बोसा नोव्हा प्रथम ऐकला तो त्याच्या मुख्य गायकाला वगळून, आणि जो आवाज ऐकला त्याचे नाव आवरणावर न वाचता.

स्वदेशी मात्र निराळे वारे वाहू लागले होते. १९६४ च्या मार्च-एप्रिलमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली. समुद्र, प्रेम आणि स्मित यांच्या गीतांची निश्चिंतता अनेक तरुणांना असह्य वाटू लागली, आणि कार्लोस लिरा यांच्यासारखे संगीतकार त्याआधीच सामाजिक आशयाकडे वळले होते. डिसेंबर १९६८ च्या हुकमाने दडपशाही तीव्र झाली. मोराइस यांना १९६९ साली परराष्ट्रसेवेतून सक्तीने निवृत्त करण्यात आले. परंतु याच काळात ‘त्रोपिकालिया’ या बंडखोर चळवळीची सामूहिक ध्वनिमुद्रिका १९६८ साली निघाली. तिचे अग्रणी काएतानो व्हेलोझो आणि जिल्बेर्तो जिल हे दोघेही बाहियाचे होते, आणि दोघांनीही जोआंव जिल्बेर्तो यांचे ऋण उघडपणे मान्य केले. विद्युत् गिटारचा गोंगाट करणाऱ्यांनी कुजबुजणाऱ्या गायकाला गुरू मानावे, हे वरवर विचित्र दिसते. परंतु त्यांनी त्यांच्याकडून शैली घेतली नव्हती. जुने आणि नवे एका ध्वनिमुद्रिकेत समोरासमोर ठेवून परंपरेची चिकित्सा करण्याची पद्धत त्यांनी घेतली होती.

अखेरीस एका व्यावहारिक प्रश्नाकडे लक्ष वेधले पाहिजे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जिल्बेर्तो यांच्या पहिल्या तीन दीर्घवादन तबकड्यांतील सामग्री एका संग्रहात पुन्हा प्रसिद्ध करण्यात आली. मूळ ध्वनीत फेरफार झाल्याचा आक्षेप घेऊन त्यांनी न्यायालयात धाव घेतली. वाद दीर्घकाळ चालला आणि अनेक वर्षे ‘शेगा द सौदाद’ ही ध्वनिमुद्रिका तिच्या मूळ रूपात बाजारात सुलभ राहिली नाही. ज्या रीतीचे सर्वस्व आवाज आणि गिटार यांच्या सूक्ष्म तोलात होते, तिच्या बाबतीत हा आक्षेप क्षुल्लक म्हणता येणार नाही. अस्सल कागद आणि त्याची नक्कल यांतील भेद मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ध्वनिमुद्रिकेला ऐतिहासिक साधनाचा दर्जा द्यावयाचा असेल, तर तिलाही तीच कसोटी लावली पाहिजे. ती केव्हा व कोठे मुद्रित झाली, आवरणावर कोणाची नावे आहेत व कोणाची नाहीत, कोणते गीत कोणत्या गीताशेजारी आहे, पुढील आवृत्तीत काय कापले वा मिसळले गेले, हे सारे पाहिले पाहिजे. या कसोटीवर ‘शेगा द सौदाद’ ही बोसा नोव्हाची पहिली कृती ठरत नाही, पण तिचा पहिला पूर्ण दस्तऐवज निश्चितपणे ठरते. जॉनी आल्फ यांचा हक्क त्यामुळे नाहीसा होत नाही. दस्तऐवज एकाच्या नावावर असला तरी वहिवाट अनेकांची असू शकते, एवढेच त्यातून दिसते, आणि ती वहिवाट शोधून काढणे हे इतिहासाचे काम आहे.